कीर्ति आणि कसोटी : अलेक्झांडर-पद्धतीच्या प्रसाराचा इतिहास

औषधाचा प्रसार गुणावर होतो आणि विचाराचा प्रसार पटण्यावर होतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु या दोहोंच्या मधली एक जात आहे. ती औषधहि नव्हे आणि निव्वळ विचारहि नव्हे. बसावें कसें, उठावें कसें, मान कशी धरावी, श्वास कसा सोडावा, हें शिकवून शरीराचीं दुखणीं हटवूं पाहणाऱ्या ज्या पद्धति गेल्या सवाशें वर्षांत पाश्चात्त्य देशांत निघाल्या, त्या या जातीच्या होत. वैद्यकविद्येनें त्यांस आपल्या घरांत घेतलें नाहीं, आणि व्यायामशाळेंतहि त्यांना जागा नव्हती. अशा पद्धतीस समाजांत मान मिळतो तो कोणत्या वाटेनें, आणि त्या वाटेनें मिळालेला मान कितपत विश्वासार्ह असतो, याचा विचार करण्यास फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर यांच्या पद्धतीचा इतिहास फार उपयोगी आहे. आणि तोच आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

अलेक्झांडर यांचा जन्म २० जानेवारी १८६९ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटांत, विनयार्ड गांवाजवळ झाला. शाळेचें शिक्षण बेताचेंच. कथिलाच्या खाणीच्या कंपनींत कारकुनी करीत असतां त्यांना नाट्यप्रवेश व कविता म्हणून दाखविण्याचा नाद लागला, आणि पुढें मेलबोर्न येथें तोच त्यांचा व्यवसाय झाला. शेक्सपिअरचे उतारे एकट्यानें रंगमंचावर उभें राहून म्हणून दाखविणाऱ्यांस त्या काळीं चांगला श्रोतृवर्ग मिळत असे. परंतु ऐन कार्यक्रमांत त्यांचा घसा बसूं लागला. वैद्यांनीं विश्रांति सांगितली. विश्रांतीनें आवाज परत येई आणि रंगमंचावर पाऊल ठेवतांच पुन्हां जाई. तेव्हां त्यांनीं एक साधा पण मार्मिक तर्क केला : विश्रांतीनें बरें वाटतें आणि म्हणूं लागतांच बिघडतें, तर दोष घशाचा नसून म्हणण्याच्या रीतीचा असला पाहिजे.

आरसे मांडून ते त्यांपुढें म्हणत राहिले. त्यांस दिसून आलें कीं, आरंभ करतांच आपण डोकें मागें ओढतों, कंठ खालीं दाबतों आणि तोंडानें श्वास खेंचून घेतों. डोकें पुढें घ्यावयाचें असें ठरवून त्यांनीं तें घेतलें; घेतलें असें त्यांना निश्चित वाटतहि होतें; परंतु आरशांत पाहतात तों डोकें पूर्वीप्रमाणेंच मागें! त्यांच्या सर्व शिकवणीचें बीज या ठिकाणीं आहे. ज्यास आपण ‘बरोबर वाटणें’ म्हणतों तें पुष्कळदां नुसतें ‘सवयीचें वाटणें’ असतें; म्हणून बिघडलेल्या सवयीच्या माणसानें स्वतःच्या संवेदनेवर विसंबून सवय सुधारूं जाणें म्हणजे चुकीच्या घड्याळावरून दुसरें घड्याळ लावणें होय. यावर त्यांनीं जो मार्ग काढला तो असा : कृति करण्याची इच्छा होतांच क्षणभर थांबावयाचें, जुन्या सवयीला उठूं द्यावयाचें नाहीं; मान मोकळी, डोकें पुढें व वर, पाठ लांब व रुंद, अशी सूचना मनांत चालूं ठेवावयाची; आणि ती चालूं असतांनाच कृति करावयाची. खुर्चीवरून उठण्या-बसण्याच्या साध्या क्रियेंत शिक्षक शिष्याच्या मानेस व पाठीस हात लावून ही गोष्ट त्याच्या अंगीं उतरवितो. यांत व्यायाम नाहीं, मर्दन नाहीं, औषध नाहीं. अलेक्झांडर स्वतः यास उपचार म्हणत नसत, शिक्षण म्हणत; आणि येणाऱ्यास रोगी न म्हणतां शिष्य म्हणत. हा नांवाचा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व इतिहासांत तो कधीं ढालीसारखा तर कधीं अडसरासारखा उपयोगांत आलेला आहे.

सिडनी येथील शस्त्रवैद्य स्ट्यूअर्ट मॅके यांच्या उत्तेजनानें, त्यांचीं परिचयपत्रें बरोबर घेऊन, अलेक्झांडर १९०४ सालीं लंडनला आले. तेथें त्यांना पहिला आश्रय मिळाला तो रंगभूमीचा. सर हेन्री अर्व्हिंग यांच्यासारखे नामांकित नट त्यांच्याकडे आले. हें स्वाभाविकच होतें. ज्याचें पोट आवाजावर आहे त्यास आवाज सुधारला कीं नाहीं हें कळण्यास शास्त्रीय प्रबंधाची गरज पडत नाहीं. परंतु १९१० सालीं ‘मॅन्स सुप्रीम इन्हेरिटन्स’ हें आपलें पहिलें पुस्तक अलेक्झांडर यांनीं प्रसिद्ध केलें, तेव्हां प्रश्न आवाजाचा राहिला नाहीं. मनुष्यजातीच्या उत्क्रांतीची पुढची पायरी जाणीवपूर्वक आत्मनियंत्रण हीच आहे आणि आपली पद्धति तिची किल्ली आहे, असा भव्य दावा त्यांत होता. त्या दाव्याबरोबर ‘रानटी’ आणि ‘सुधारलेल्या’ मानववंशांविषयींचीं, त्या काळच्या साम्राज्यवाद्यांच्या तोंडीं सर्रास असणारीं, तुच्छतेचीं विधानेंहि होतीं. आपल्यासारख्या, त्या साम्राज्याचें जूं मानेवर वाहिलेल्या लोकांस तीं वाचतांना खटकल्यावांचून राहत नाहींत. मानेच्या एका उपयुक्त शोधावर सर्व मानवजातीच्या उद्धाराचा मजला चढविण्याची ही हौस या पद्धतीस पुढें पुष्कळ महागांत पडली.

१९१४ पासून अलेक्झांडर अमेरिकेस जाऊं लागले आणि १९१६ सालीं त्यांची गांठ तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्याशीं पडली. कोलंबिया विद्यापीठांत ज्यांच्या अध्यापनाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर कायमचा ठसा उमटला, तेच हे ड्यूई. पन्नाशी उलटलेल्या ड्यूईंना मानेच्या व डोळ्यांच्या ताणाचा त्रास होता. धड्यांनीं तो बराच कमी झाला. परंतु त्यांना त्याहून महत्त्वाची गोष्ट मिळाली. सवय म्हणजे केवळ पुनरावृत्ति नव्हे, ती मनुष्याच्या इच्छेचेंच घडलेलें रूप आहे. आणि ‘सरळ उभा राहा’ असें नुसतें ठरविल्यानें मनुष्य सरळ उभा राहूं शकत नाहीं, हा विचार १९२२ च्या ‘ह्यूमन नेचर अँड कॉण्डक्ट’ या ग्रंथांत त्यांनीं अलेक्झांडर यांचें नांव घेऊन मांडला. १९१८, १९२३ आणि १९३२ मध्यें निघालेल्या अलेक्झांडर यांच्या तीन पुस्तकांस ड्यूई यांच्या प्रस्तावना आहेत. इतिहासकार जेम्स हार्वे रॉबिन्सन यांनीं १९१९ मध्यें ‘अटलांटिक मंथली’ मासिकांत या पद्धतीवर लेख लिहिला. अशा रीतीनें नटांच्या खोलींतून निघालेली विद्या प्राध्यापकांच्या बैठकींत जाऊन बसली.

विरोधाचा सूर निघाला नाहीं असें नाहीं. ड्यूई यांच्याच विचारांवर वाढलेला तरुण टीकाकार रँडॉल्फ बोर्न यानें १९१८ मध्यें ‘न्यू रिपब्लिक’ पत्रांत परीक्षण लिहिलें. मान व पाठ सुधारण्याची कला एक, आणि तिच्यावर रचलेलें मानवोन्नतीचें तत्त्वज्ञान दुसरें. पहिलें मान्य केलें म्हणून दुसरें पदरांत घेण्याचें कारण नाहीं, असा त्याचा रोख होता. सारें जग महायुद्धांत होरपळत असतां मानवजात जाणीवपूर्वक नियंत्रणाकडे चालली आहे हें ऐकून त्याच्या मनांत संशय यावा, यांत नवल तें काय? ड्यूई यांनीं त्यास त्याच पत्रांत उत्तर दिलें. त्या वादांत वजन ड्यूईंच्या बाजूस होतें. परंतु आज शंभर वर्षांनीं पाहतां बोर्ननें केलेला भेदच टिकलेला दिसतो.

येथें आम्ही या कथेंतील मुख्य गोष्टीशीं आलों. १९२३ च्या प्रस्तावनेंत ड्यूई यांनीं ही पद्धति शास्त्रीय आहे असें आग्रहानें प्रतिपादन केलें. परंतु प्रस्तावनेंतलें प्रतिपादन म्हणजे प्रयोग नव्हे, हें त्या प्रयोगवादी तत्त्वज्ञास कळत नव्हतें असें नाहीं. या पद्धतीची स्वतंत्र शास्त्रीय चौकशी व्हावी अशी त्यांची इच्छा होती, आणि अलेक्झांडर यांनीं ती मानली नाहीं, असें फ्रँक पिअर्स जोन्स यांनीं लिहून ठेवलें आहे. जोन्स हे ग्रीक-लॅटिनचे प्राध्यापक. त्यांनीं स्वतः या विद्येचें शिक्षण घेतलें आणि पुढें टफ्ट्स विद्यापीठांत छायाचित्रणाच्या साहाय्यानें तिच्यावर प्रयोगहि केले, म्हणून त्यांची साक्ष महत्त्वाची आहे. अलेक्झांडर यांची एकंदर भूमिका अशी कीं, ज्यानें धडे घेतले नाहींत त्यास ही गोष्ट कळणेंच शक्य नाहीं. या म्हणण्यांत तथ्यांश आहे. पोहण्याविषयींचें ज्ञान कांठावर बसून होत नाहीं. परंतु पाण्यांत उतरलेले किती जण पैलतीराला लागले हें मोजण्यास मोजणाऱ्यानें पोहलेंच पाहिजे असें नाहीं.

अशी चौकशी त्या काळीं कल्पनेबाहेरची होती काय? तसें म्हणतां येत नाहीं. याच दशकांत, १९२४ सालीं, आपल्या लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद यांनीं कैवल्यधाम ही संस्था स्थापून ‘योगमीमांसा’ हें इंग्रजी नियतकालिक सुरू केलें. उड्डियान आणि नौलि या क्रियांच्या वेळीं पोटांत काय घडतें हें त्यांनीं क्ष-किरणांनीं पाहिलें, आंतील दाब यंत्रानें मोजला, आणि ते आंकडे छापले. दाब मोजला म्हणजे रोग बरा होतो असें सिद्ध झालें, असें कोणीहि समजूं नये. तीं दोन प्रमेयें अगदीं भिन्न आहेत. परंतु आपली विद्या परक्याच्या मोजपट्टीखालीं ठेवण्याची तयारी त्यांत होती. आधीं मोजणी आणि मग मोठ्यांचीं शिफारसपत्रें, असा क्रम त्या काळींहि सुचूं शकत होता, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

अलेक्झांडर यांच्याकडे क्रम उलटा होता, आणि तिसऱ्या दशकानंतर तर शिफारसपत्रांचा पाऊसच पडला. ऑल्डस हक्सले १९३५ मध्यें धडे घेऊं लागले; निद्रानाशानें व खिन्नतेनें खचलेल्या त्या लेखकास इतका गुण आला कीं, १९३६ च्या ‘आयलेस इन गाझा’ या कादंबरींतील मिलर या पात्राच्या रचनेंत त्यांनीं अलेक्झांडर यांच्या शिकवणीचा अंश घातला, आणि १९३७ च्या ‘एंड्स अँड मीन्स’ या निबंधग्रंथांत साधनशुद्धीच्या विवेचनांत तिला जागा दिली. वृद्ध बर्नार्ड शॉ शिष्य झाले व त्यांनीं छापील प्रशंसा केली. १९४२ च्या वाटाघाटींमुळें आपणांस परिचित असलेले सर स्टॅफर्ड क्रिप्स हेहि शिष्यांपैकींच. १९३७ मध्यें १९ डॉक्टरांनीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ला पत्र लिहून या विषयाचा वैद्यकीय शिक्षणांत विचार व्हावा अशी विनंति केली. थोर शारीरशास्त्रज्ञ सर चार्ल्स शेरिंग्टन यांनीं १९४६ मध्यें अलेक्झांडर यांच्या कार्याचा गौरवानें उल्लेख केला. सुशिक्षित इंग्रज कुटुंबांत या पद्धतीचें नांव ठाऊक नसणें हेंच आतां अरसिकपणाचें लक्षण ठरण्याची वेळ आली.

या कीर्तीच्या गलबल्यांत एक गोष्ट मात्र निःसंशय टिकाऊ झाली. १९३१ सालीं लंडनच्या ॲशले प्लेस येथील आपल्या जागेंत अलेक्झांडर यांनीं शिक्षक तयार करण्याचा तीन वर्षांचा क्रम सुरू केला. तोंवर ही विद्या त्यांच्या व त्यांच्या निवडक सहकाऱ्यांच्या हातांत होती, आणि हातांतली विद्या हाताबरोबरच जाते. पॅट्रिक मॅक्डोनाल्ड, वॉल्टर कॅरिंग्टन, अलेक्झांडर यांची भाची मार्जरी बार्लो अशीं जीं माणसें या क्रमांतून बाहेर पडलीं, त्यांनीं पुढें ती जिवंत ठेविली.

कीर्तीनें कसोटीची जागा घेतली म्हणजे काय होतें, याचें मोठें बोलकें उदाहरण दक्षिण आफ्रिकेंत घडलें. १९४४ मध्यें तेथील ‘मॅनपॉवर’ या शारीरिक शिक्षणविषयक सरकारी नियतकालिकांत डॉ. अर्न्स्ट योक्ल यांनीं या पद्धतीस उघड उघड वैदूगिरी ठरविणारा लेख लिहिला. अलेक्झांडर यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. लंडनमध्यें साक्षी झाल्या, तेव्हां फिर्यादीच्या बाजूस क्रिप्स यांच्यासारखे शिष्य आणि प्रतिवादींच्या बाजूस सर हेन्री डेल व एडगर एड्रियन हे नोबेल पारितोषिक मिळविलेले दोन शास्त्रज्ञ, असा देखावा दिसला. १९४८ मध्यें जोहान्सबर्गच्या न्यायालयानें अलेक्झांडर यांस १,००० पौंडांची नुकसानभरपाई दिली, आणि १९४९ मध्यें अपीलहि त्यांच्याच बाजूनें लागलें. शिष्यवर्गांत आनंद झाला असेल. परंतु न्यायालयानें ठरविलें तें एवढेंच कीं, या गृहस्थांस वैदू म्हणणें कायद्यानें समर्थनीय नव्हतें. दुखऱ्या पाठीस या पद्धतीनें गुण येतो किंवा कसें, हा प्रश्न जसाच्या तसाच राहिला. जो प्रश्न रुग्णालयांत सुटावयाचा तो न्यायालयांत नेला म्हणजे निकाल मिळतो, उत्तर मिळत नाहीं.

अलेक्झांडर १० ऑक्टोबर १९५५ रोजीं वारले. वारस कोणी नेमलेला नव्हता. शिष्यांत मतभेद होते. तथापि १९५८ मध्यें शिक्षकांची संस्था ब्रिटनमध्यें स्थापन झाली आणि शिक्षणक्रमास शिस्त आली. प्रसार झाला तो पुन्हां पहिल्याच वाटेनें : लंडनमधील रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक व रॉयल अकादमी ऑफ म्युझिक यांसारख्या संगीतशाळांत आणि नाट्यशाळांत. व्हायोलिन हनुवटीखालीं धरून दिवसाचे सहा तास घालविणाऱ्या विद्यार्थ्यास मान कशी धरावी हें शिकविणारा शिक्षक हवाच असतो. येथें या विद्येनें आपल्या मर्यादेंत काम केलें, आणि येथेंच ती सर्वांत निर्विवाद राहिली.

१९७३ मध्यें पुनः एकदां कीर्तीचा मोठा प्रकाश पडला. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल वैद्यकाचें नोबेल पारितोषिक कोनराड लोरेंझ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह ज्यांस मिळालें, त्या निकोलास टिंबर्गेन यांनीं स्टॉकहोम येथील आपल्या व्याख्यानाचा मोठा भाग अलेक्झांडर-पद्धतीस दिला. स्वतःस, पत्नीस व मुलीस तिच्यापासून झालेला फायदा सांगितला. जगभर या पद्धतीचें नांव झालें. परंतु बारकाईनें पाहिलें तर तीं तीन माणसांची साक्ष होती. आणि साक्ष देणाऱ्याचा अधिकार पक्ष्यांच्या व माशांच्या वर्तनाबद्दलचा होता. ड्यूई, शॉ, हक्सले, टिंबर्गेन या सर्वांच्या प्रामाणिकपणाविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. परंतु मोठ्या माणसाची पाठहि पाठच असते. तिला बरें वाटलें यावरून दहा हजार इतर पाठींविषयीं अनुमान निघत नाहीं.

तें अनुमान काढण्याजोगा मोठा प्रयोग अखेर २००८ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि तोहि त्याच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें. इंग्लंडांतील ६४ दवाखान्यांतून जुनाट कंबरदुखीचे ५७९ रोगी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्या तशा यदृच्छेनें त्यांचे गट पाडले : कोणास नेहमीचाच उपचार, कोणास मर्दन, कोणास ६ धडे, कोणास २४ धडे, शिवाय प्रत्येक गटांतील निम्म्यांस व्यायामाचा सल्ला. वर्षानंतर, मागील चार आठवड्यांत किती दिवस दुखलें असें विचारलें. नेहमीच्या उपचाराच्या गटांत मध्यवर्ती आंकडा २१ दिवस आला, मर्दनाच्या गटांत १४, सहा धड्यांच्या गटांत ११, आणि चोवीस धड्यांच्या गटांत ३. २०१५ मध्यें जुनाट मानदुखीच्या ५१७ रोग्यांवरील दुसऱ्या प्रयोगांतहि फायदा दिसला; मात्र त्याच प्रयोगांत सुया टोंचण्याच्या चिनी उपचारानेंहि तो दिसला, हें सांगितलें पाहिजे. २०१७ मध्यें ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेनें कंपवाताच्या रोग्यांस तोल व हालचालीची अडचण असल्यास या पद्धतीचा विचार करावा असें सुचविलें. उलट, अलेक्झांडर यांच्या जन्मदेशांत सरकारी आढाव्यानें पुरावा अपुरा ठरविल्यामुळें १ एप्रिल २०१९ पासून सरकारी साहाय्य असलेल्या खासगी आरोग्यविम्यांतून ही पद्धति इतर अनेक पद्धतींसह वगळण्यांत आली.

या प्रयोगांतहि उणीवा आहेत. धडे घेणाऱ्यास आपण धडे घेत आहों हें ठाऊक असतेंच. शिक्षकाचा आपुलकीचा स्पर्श आणि एकाग्र लक्ष यांचाहि कांहीं वाटा असणार. कंबरेपुरतें सिद्ध झालें म्हणून दमा, रक्तदाब, स्वभाव आणि संस्कृति यांवरचे जुने दावे सिद्ध होत नाहींत. परंतु आतां निदान वाद कशाबद्दल करावयाचा हें निश्चित झालें आहे. टीकाकारास आंकडे तपासतां येतात, आणि शिक्षकास ‘तुम्ही धडे घेतले नाहींत’ म्हणून त्याचें तोंड बंद करण्याचें कारण उरत नाहीं.

या इतिहासाचा अर्थ काय घ्यावा? कीर्ति निरुपयोगी होती असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. ड्यूई व हक्सले नसते तर ही विद्या एका बसलेल्या आवाजाच्या नटाबरोबर कदाचित् संपली असती. त्यांनीं तिला भाषा दिली, प्रतिष्ठा दिली, आणि शिक्षकांचा वर्ग चालेल इतके शिष्य दिले. परंतु त्याच प्रतिष्ठेनें कसोटीची निकड नाहींशी केली. प्रस्तावनांवर भागत असतां प्रयोगाच्या भानगडींत कोण पडतो? ड्यूई यांच्या १९२३ च्या प्रस्तावनेपासून २००८ च्या प्रयोगापर्यंत ८५ वर्षें गेलीं. धडे एकेकास स्वतंत्र द्यावे लागतात, म्हणून ते महाग पडतात. ज्यांस परवडले ते मोठ्यांच्या शब्दावर विश्वासून गेले, आणि ज्यांस परवडले नाहींत त्यांच्याकरितां ते सार्वजनिक दवाखान्यांतून मिळावे असें म्हणण्यास लागणारा पुरावाच कोणी गोळा केला नव्हता. पद्धति खोटी असती तर या विलंबानें कांहीं श्रीमंतांचे पैसे बुडाले असते, एवढेंच. परंतु ती कंबरदुखीपुरती का होईना खरी निघाली, आणि म्हणूनच नुकसान मोठें झालें. विणकराची, शिंप्याची, दिवसभर मेजावर वांकणाऱ्या कारकुनाची पाठ तीन पिढ्या दुखत राहिली.

आपल्याकडेहि देहशिक्षणाच्या नव्या-जुन्या पद्धतींस तोटा नाहीं, आणि प्रत्येकीच्या दारांत कोणा ना कोणा थोर पुरुषाचें शिफारसपत्र टांगलेलें असतें. तें पत्र आदरानें वाचावें. त्यानें जिज्ञासा जागी होते हा त्याचा खरा उपयोग आहे. नंतर शिक्षकास शांतपणें विचारावें कीं, तुमच्याकडे आलेल्यांपैकीं किती जणांस गुण आला, किती जणांस आला नाहीं, आणि जे तुमच्याकडे आलेच नाहींत त्यांचें त्याच मुदतींत काय झालें. ज्यास आपल्या विद्येविषयीं खरा विश्वास आहे त्यानें या प्रश्नानें रागावण्याचें कारण नाहीं.